ग्रिलला क्रोम: यू-चॅनेल, सपाट पट्टी की तयार कव्हर?

गाडीच्या पुढच्या जाळीला, म्हणजे ग्रिलला, क्रोमची चकाकी देणारी पट्टी विकत घेण्याआधी बॉनेट उघडा आणि ग्रिल मागून बघा. आडव्या पात्यांची पुढची कड मोकळी आहे का? तिची जाडी किती? आणि मागच्या बाजूला कोणत्या प्रकारच्या प्लास्टिकची खूण उठवलेली आहे: एबीएस (ABS), एएसए (ASA) की पीपी (PP)? एवढं कळलं की अर्धी निवड झालीच. पीपी असेल तर चिकटवण्याच्या पर्यायांवर आधीच फुली मारली तरी चालेल, कारण या प्लास्टिकला टेप नीट धरतच नाही. चिकटवायचंच असेल तर टेपसोबत पीपीसाठीचा खास प्रायमर (टेपच्या आधी लावायचा द्रव) घ्यावाच लागतो.

यू-चॅनेल
ही पीव्हीसीची खाचेची पट्टी असते, बाहेरून चकाकती धातूमय फिल्म. पात्याच्या मोकळ्या कडेवर ती दाबून बसवायची. पकड खाचेची असते, डिंक नावापुरता. म्हणून खाचेची आतली रुंदी पात्याच्या जाडीपेक्षा किंचित कमी हवी; सैल पट्टी धावत्या गाडीच्या कंपनाने हळूहळू बाजूला सरकते. बरीच पाती मागे जाडसर होत जातात, तेव्हा जाडी अगदी कडेला न मोजता खाच जिथवर पोचणार तिथे मोजा. दोन्ही टोकांना आतून दोन-तीन सेंटिमीटर टेप लावली की सरकणं थांबतं. घरी पहिल्यांदाच हात घालणाऱ्याला आम्ही हीच सुचवू: चुकली तर ओढून काढा, पुन्हा बसवा. खोट एकच. खाचेत बारीक वाळू अडकते आणि रंगावर घासत राहते. चकचकीत काळ्या रंगाची ग्रिल असेल तर पुढे पट्टी काढल्यावर तिथे रेघा दिसतील.

सपाट टेप-पट्टी
हिला पात्याचा दर्शनी भाग सपाट, गुळगुळीत आणि निदान सहा मिलिमीटर रुंद हवा. दाणेदार पोताच्या प्लास्टिकवर टेप फक्त उंचवट्यांना चिकटते, म्हणजे निम्मी जागा वायाच. आणखी एक अडचण वळणाची. ग्रिल मागे वळत गेलेली असेल तर पट्टी मुकाट्याने वळते. पण पातं वर किंवा खाली धनुष्यासारखं वाकलेलं असेल तर पट्टीच्या आतल्या कडेला सुरकुत्या येतात आणि बाहेरची कड उचलते. तिथे जोर लावून उपयोग नाही, पर्याय बदला.

टोकं सुटण्यामागे बहुतेक वेळा ओढून लावणं असतं. पीव्हीसी ताणलं की नंतर उन्हात आकसतं, आणि टोकाला फट पडते. पट्टी नुसती ठेवत जायची, खेचायची नाही. टेप करडी अ‍ॅक्रिलिक फोमची बघून घ्या; मऊ पांढऱ्या फोमची स्वस्त टेप पाणी आणि उष्णतेत लवकर फाटते.

तयार कव्हर
साच्यातून काढलेलं एबीएस, त्यावर तांबं, निकेल आणि क्रोमचे खरे थर. चकाकी आणि टिकाऊपणात फिल्मची पट्टी याच्या जवळपास येत नाही. पण ते ताठ असतं. टेपचा कागद न काढता आधी कोरडं बसवून पाहा. एखादं टोक बोटाने दाबल्याशिवाय टेकत नसेल, तर तो ताण टेप रात्रंदिवस सोसणार आणि तिथूनच कव्हर सुटणार. म्हणून आपल्या मॉडेलचं, तेही फेसलिफ्टच्या (त्याच मॉडेलचं रूप बदलण्याच्या) आधीचं की नंतरचं हे पाहूनच घ्यावं. ‘सगळ्या गाड्यांना चालेल’ असं कव्हर नकोच. चिकटवायची संधीही एकदाच मिळते.

(क्रोम रॅप फिल्मबद्दलही विचारणा होते. अरुंद पात्यांवर ती घरी लावू नये. जरा जास्त ताप लागला की चकाकी धुरकटते.)

गाडीला समोरचं अंतर राखणारा क्रूझ कंट्रोल असेल तर ग्रिलमागे, कंपनीच्या चिन्हामागे किंवा खालच्या जाळीत रडार असू शकतो. धातूचा पातळ थरसुद्धा त्याच्या लहरी अडवतो, मग ती फिल्म असो वा कव्हर. त्या भागावर काहीच लावू नका. पार्किंग सेन्सर आणि कॅमेराही मोकळे ठेवा.

लावताना
लांबी मोजून दहा टक्के जास्त घ्या: ९० सेंटिमीटरची पाच पाती म्हणजे साडेचार मीटर, घ्या पाच. ग्रिल शाम्पूने धुऊन पूर्ण वाळवा. मग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी निम्मंनिम्मं करून एकाच दिशेने पुसा आणि ओल उडून जायच्या आत दुसऱ्या कोरड्या कापडाने टिपा. प्लास्टिक काळंभोर दिसावं म्हणून पूर्वी सिलिकॉनचं पॉलिश मारलं असेल तर हे दोन-तीनदा करा. ते पॉलिश हे चिकटलेलं सुटण्याचं नेहमीचं कारण आहे.

सावलीत, २० ते ३५ अंश सेल्सिअसच्या दरम्यान काम करा. १० अंशांखाली टेप कडक होते आणि पृष्ठभागात मुरत नाही. मास्किंग टेपने सरळ रेघ आखून घ्या. टेपचा कागद एकदम न सोलता पाचेक सेंटिमीटर सोला, तेवढं टेकवा, मग पुढे जा. वळणावर हेअर ड्रायरने कोमट करा. शेवटी प्रत्येक इंचावर अंगठ्याने दहा-पंधरा सेकंद घट्ट दाबा, कारण अ‍ॅक्रिलिक टेप दाबानेच चिकटते. साधारण २४ तासांत ९० टक्के पकड येते, पूर्ण पकडीला ७२ तास लागतात. तोवर गाडी धुऊ नका. पुढेही प्रेशर वॉशरचा झोत कडेवर तिरका मारायचा नाही.

काढायची वेळ आली तर यू-चॅनेल हातानेच निघतो. सपाट पट्टी ड्रायरने तापवून सावकाश सोला. कव्हरमागे मात्र मासेमारीची दोरी किंवा दातांचा फ्लॉस करवतीसारखा ओढत टेप कापावी लागते. राहिलेला डिंक बोटाने चोळून गोळा करा, मग अल्कोहोलने पुसा. अ‍ॅसिटोन किंवा थिनर मात्र जवळ आणू नका. अ‍ॅसिटोनमध्ये एबीएस विरघळतं.