डॅशबोर्डच्या भेगा आणि उलटे कॅलेंडर

वडिलांनी 1993 मध्ये घेतलेली कॉन्टेसा क्लासिक अजून आमच्याकडे आहे. हिंदुस्थान मोटर्सने 2002 मध्ये या गाडीचे उत्पादन थांबवले आणि तेव्हापासून तिच्या सुट्या भागांसाठी जुन्या बाजारावर आणि ओळखीपाळखीवर अवलंबून राहावे लागते. इसुझूचे 1800 सीसीचे इंजिन आजही तक्रार करत नाही. मनस्ताप दिला तो डॅशबोर्डने, किंवा खरे सांगायचे तर तो ‘कंपनीसारखा’ करून देतो म्हणणाऱ्या माणसाने. त्याचे नाव मी येथे लिहीत नाही, कारण मामला अजून मिटलेला नाही. परंतु त्याची पद्धत लिहिणे मला आवश्यक वाटते, कारण ती कोणत्याही जुन्या गाडीच्या मालकावर चालू शकेल अशी आहे.

डॅशबोर्डच्या माथ्यावर, समोरच्या काचेवर हवा सोडणाऱ्या फटींपासून निघालेल्या तीन भेगा होत्या. त्यांतली मोठी वीतभर लांब होती आणि तिच्यात करंगळी घातली की आतला पिवळा फोम बेसनासारखा बोटाला लागत असे. हा दोष आमच्याच गाडीचा नाही. डॅशबोर्डची कातडी व्हिनाइल नावाच्या प्लॅस्टिकची असते, आणि ते मुळात कडक असते. ते मऊ राहावे म्हणून त्यात प्लॅस्टिसायझर नावाची तेलकट द्रव्ये मिसळतात, आणि वर्षानुवर्षे उन्हात तापून ती हळूहळू बाहेर पडतात. काचेच्या आतल्या बाजूला जो चिकट, धूसर थर बसतो तो बराचसा त्यांचाच असतो. मागे उरलेली कातडी आकसते, खालचा फोमही तोवर ठिसूळ झालेला असतो, आणि मग जिथे ताण जास्त, म्हणजे फटींच्या आणि स्पीकरच्या कोपऱ्यांशी, तिथे ती फाटते.

प्रथम मी पुण्यातल्या नाना पेठेत एका वयस्कर कुशनवाल्यांकडे गेलो. त्यांनी डॅशबोर्ड अंगठ्याने ठिकठिकाणी दाबून पाहिला आणि सांगितले, “नवीन रेक्झीन हाताने चढवून देतो, चौदा हजार होतील. पण मीटरच्या छपराशी शिवण येणार आणि मूळचा दाणा येणार नाही. आधीच सांगतो, नंतर वाद नको.” हे ऐकून मी नाराज झालो. जो माणूस काम सुरू करण्याआधी त्याच्या मर्यादा सांगतो त्याला सोडून मी, शिवण येणार नाही असे सांगणाऱ्याच्या शोधात निघालो. फसवणुकीची सुरुवात तिथेच, माझ्याकडूनच झाली.

तसा माणूस नोव्हेंबर 2023 मध्ये मिळाला. त्याचे दुकान चकचकीत होते, भिंतीवर जुन्या मर्सिडीजची छायाचित्रे होती, आणि त्याच्या बोलण्यात ‘व्हॅक्यूम फॉर्मिंग’ हा शब्द दर दोन वाक्यांनी येत होता. ही पद्धत खरी आहे आणि उत्तमही आहे: डॅशबोर्ड उघडा करून त्याचा फोम मूळ आकारात आणतात, दाणेदार व्हिनाइलचा अखंड पत्रा भट्टीत मऊ होईपर्यंत तापवतात, तो त्यावर टाकून खालून हवा ओढून घेतात, आणि पत्रा प्रत्येक खाचेत चपखल बसतो. त्यासाठी अख्खा डॅशबोर्ड मावेल एवढे यंत्र लागते. ते पाहायची इच्छा मी व्यक्त केली, तेव्हा यंत्र चाकणच्या एका कारखान्यात असून तिथे बाहेरच्यांना सोडत नाहीत, असे उत्तर मिळाले. चाकणमध्ये मोटारींचे एवढे कारखाने आहेत की मला ते खरे वाटले. 42,000 रुपये ठरले, त्यांपैकी 25,000 मी तिथेच उभ्या उभ्या मोबाइलवरून दिले, आणि पावती म्हणून मिळालेल्या कोऱ्या कागदावर केवळ ‘डॅशबोर्ड काम’ एवढे दोन शब्द होते.

तिसऱ्या आठवड्यात त्याने छायाचित्र पाठवले. एका टेबलावर फोमचा उघडा डॅशबोर्ड, शेजारी काळ्या व्हिनाइलची गुंडाळी. मी ते घरातल्या सगळ्यांना दाखवले. मुलीने मात्र विचारले, “बाबा, मीटरचे छप्पर डावीकडे कसे?” डाव्या स्टिअरिंगच्या गाडीचा तो डॅशबोर्ड होता आणि तीस वर्षे उजवीकडे बसून गाडी चालवणाऱ्या मला ते दिसले नव्हते. मी लगेच दुकानदाराला फोन केला. तो हसून म्हणाला, “सर, पोराने सेल्फी कॅमेऱ्याने काढलाय, उलटा आलाय. सुलटा पाठवतो.” दहा मिनिटांत दुसरे छायाचित्र आले. त्यात छप्पर उजवीकडे होते आणि माझे समाधान झाले. त्याच छायाचित्रात मागच्या भिंतीवर एक कॅलेंडर टांगलेले होते आणि त्यावरचे सगळे आकडे आरशात दिसावेत तसे उलटे होते. ते माझ्या लक्षात यायला सात महिने जावे लागले. पहिले छायाचित्र सरळ होते, कुठल्यातरी परदेशी गाडीचे. उलटवलेले होते ते दुसरे.

जानेवारीच्या मध्यावर गाडी परत मिळाली. डॅशबोर्ड दिसायला सुंदर होता: एकसारखा काळा, बारीक दाण्याचा, शिवण नाही की सांधा नाही. थिनरचा उग्र वास येत होता. तो नवेपणाचा आहे असे मला सांगण्यात आले. त्यासोबत पंधरा दिवस ऊन लागू देऊ नका, ओले फडके लावू नका, वर काही ठेवू नका अशा सूचनाही मिळाल्या. कारखान्यात तापवून घडवलेल्या व्हिनाइलला एवढे जपावे का लागावे, हा साधा प्रश्न मला तेव्हा पडला नाही आणि उरलेले 17,000 रुपये मी देऊन टाकले.

एप्रिलमध्ये पृष्ठभाग बोटाला चिकटू लागला. बंद गाडीचा डॅशबोर्ड उन्हात सत्तर अंशांपुढे सहज जातो, आणि मे महिन्यात एका दुपारी गाडीचे दार उघडले तर काचेजवळ बरोबर जुन्याच जागी, जुन्याच वळणाने केसाएवढी रेघ उमटलेली दिसली. आठवडाभरात तिची कड उचलली गेली. मी अंगठ्याने दाबून पाहिले. एरवी तिथे थोडे आत जायला हवे होते, कारण फोमवर चढवलेला डॅशबोर्ड दाबला की दबतो आणि सोडला की वर येतो. हा मात्र फरशीसारखा कडक होता, आणि नखाने टकटक केल्यावर दर चार बोटांवर वेगळा आवाज येत होता.

जूनमध्ये मी खाली मान घालून नाना पेठेतल्या त्याच काकांकडे गेलो. त्यांनी एक शब्दही न बोलता रेघेच्या दोन्ही बाजूंना कटरने छेद दिला आणि वड्या काढाव्यात तसा एक चौकोन उचलला. तुकड्याची कड मी अजून जपून ठेवली आहे. सर्वांत वर गाडीच्या तळाला गंज लागू नये म्हणून मारतात तसले काळे रबरी कोटिंग होते. फवारताना पिस्तूल लांब धरले की त्याचा दाणा पडतो, आणि मी ज्याचे कौतुक करत होतो तो दाणा तोच. त्याखाली करंगळीएवढ्या जाडीची राखाडी लांबी होती, पत्र्याला पडलेले पोचे भरायला वापरतात ती. तिच्याखाली माझे मूळ व्हिनाइल आणि त्यातली भेग होती, तशीच उघडी, कुठल्यातरी सीटमधून कापलेल्या फोमच्या तुकड्यांनी बुजवलेली. व्हिनाइल आणि फोम उन्हात फुलतात आणि रात्री आकसतात, लांबी मात्र त्यांच्यासोबत हलत नाही, त्यामुळे ती एका उन्हाळ्यात सुटणारच होती. जानेवारीत काम हाती देण्यामागचा हिशेबही तेव्हा कळला. काकांच्या म्हणण्यानुसार या सगळ्या कामाला सामानासह अडीच-तीन हजारांहून अधिक खर्च आलेला नसावा.

एवढ्यावर भागले नव्हते. मधले दोन एअर व्हेंट काढताना काकांनी ते दिव्याखाली धरले. त्यांच्या पट्ट्या तुटलेल्या होत्या आणि मागून अ‍ॅरल्डाइटने चिकटवलेल्या होत्या. आमच्या गाडीचे मूळ व्हेंट धडधाकट होते. ते काढून घेऊन त्यांच्या जागी दुसऱ्या गाडीचे मोडके बसवले होते. कॉन्टेसाचे चांगले व्हेंट आता सहजी मिळत नाहीत, म्हणजे त्याने माझ्याकडून मजुरीही घेतली आणि मालही. गाडी देण्यापूर्वी प्रत्येक भागाचे छायाचित्र काढून मागच्या बाजूला रंगाची एखादी खूण केली असती, तर ही चोरी मला जानेवारीतच पकडता आली असती. काम चालू असताना आजची तारीख आणि माझे आडनाव लिहिलेली चिठ्ठी डॅशबोर्डवर ठेवून फोटो पाठवा, असे मी सांगायला हवे होते. पाच मिनिटांचे काम होते, आणि तो माणूस त्या दिवशीच अडकला असता.

दुकानदाराने प्रथम उन्हाला दोष दिला, मग माझ्या पार्किंगला, आणि नंतर फोन उचलणे बंद केले. पोलीस चौकीत हा दिवाणी वाद असल्याचे सांगून मला परत पाठवले. मग वकिलामार्फत नोटीस धाडली आणि तिचे उत्तर न आल्याने जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार केली. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार अशी तक्रार आपण जिथे राहतो त्या जिल्ह्यात करता येते, तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ती करावी लागते, आणि पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याच्या प्रकरणात शुल्क नसते. पावतीवरच्या ‘डॅशबोर्ड काम’ या दोन शब्दांनी काहीच सिद्ध होत नव्हते. मला तारले ते त्याच्याच संदेशांनी, ज्यांत ‘व्हॅक्यूम फॉर्मिंग’ हा शब्द अकरा वेळा आला आहे, आणि त्या उलट्या कॅलेंडरने, जे वकीलबाईंनी मोठे छापून जोडले आहे. तारीख पडल्यावर त्याने निरोप्यामार्फत दहा हजार रुपये आणि तडजोडीचा कागद पाठवला. मी दोन्ही परत केले.

डॅशबोर्ड सध्या काकांकडे आहे. लांबी खरवडताना तिच्यासोबत मूळचा फोमही निघाल्यामुळे चौदा हजारांचे काम आता एकवीस हजारांवर गेले आहे, आणि मीटरच्या छपराशी शिवण येणार आहे. व्हेंट मात्र अजून सापडलेले नाहीत. मी बुधवारी आणि रविवारी जुन्या बाजारात फेरी मारतो. कुणाला कॉन्टेसाचे मधले दोन व्हेंट विकायला आलेले दिसले, तर डावीकडच्याची खालून दुसरी पट्टी उलटी करून पाहावी: मुलीने दुसरीत असताना तिथे कंपासच्या टोकाने ‘आई’ असे कोरले होते, आणि त्यातला ‘ई’ गिरवताना टोक घसरल्यामुळे एक लांब ओरखडा कडेपर्यंत गेला आहे.