ऑइल कुलरला फॅन बसवायचा असेल तर साताऱ्याच्या जुन्या एमआयडीसीतल्या चाचांकडे जा

माझी जिप्सी भिलारच्या शेतावर राबते. हंगामात खाली जाताना स्ट्रॉबेरीचे क्रेट, वर येताना खताची पोती नि मल्चिंगचे रोल, कधी मागं छोटी ट्रॉली. मोकळ्या रस्त्यावर पसरणी घाट तिला जड जात नाही. जड जातो तो शनिवार-रविवारी, पाचगणीला निघालेल्या गाड्यांच्या रांगेत पहिल्या-दुसऱ्या गिअरवर रखडताना. पाण्याचा काटा निम्म्यावर असतो, पण तेल तापत जातं. गेल्या वर्षीच्या मे महिन्यात तेलाचं मीटर १३० अंशांवर गेलं आणि गाडी नुसती उभी असताना ऑइल प्रेशरचा दिवा लुकलुकायला लागला. तेल तापून पातळ झालं की आयडलिंगला प्रेशर पडतं, हे माहीत होतं. तरी तो दिवा बघून पोटात गोळा आला.

ऑइल कुलर, म्हणजे इंजिनचं तेल थंड करणारा छोटा रेडिएटर, गाडीला आधीपासून होता, बंपरच्या मागे डाव्या बाजूला. पण वारा मिळाला तर तो काम करणार, आणि रांगेत वारा कुठला? म्हणून फॅन बसवायचं ठरवलं. पहिल्यांदा ज्यांच्याकडे गेलो त्यांचं नाव इथे लिहीत नाही. त्यांनी अर्ध्या तासात काम उरकलं : फॅन थेट कुलरच्या जाळीवर टेकवला आणि प्लास्टिकच्या चार पिना जाळीतून आरपार घालून आवळला. पाच महिन्यांनी गाडीखाली तेलाचे थेंब दिसले. जिप्सीला कडक स्प्रिंगचे पाटे, त्यात आमचे शेतरस्ते. प्रत्येक धक्क्याला फॅन हलला, पीन घासत गेली आणि शेवटी कुलरची नळी पाझरायला लागली. नवीन कुलरचा भुर्दंड पडला.

मग एका ट्रकवाल्या मित्राने चाचांचं नाव काढलं. दुकानाला पाटी नाही. जुन्या एमआयडीसीत ‘रेडिएटरवाले चाचा’ म्हणून विचारलं की कुणीही दाखवतं. माझा जुना कुलर हातात घेऊन त्यांनी घासलेली जागा अंगठ्याने चाचपली आणि म्हणाले, “दादा, जाळीवर वजन टाकायचंच न्हाय. जाळी वाऱ्यासाठी हाय, फॅन टांगायला न्हाय.”

तिथून पुढे तासभर ते मला समजावत होते, आणि गिऱ्हाइकाला एवढा वेळ देणारा मिस्त्री मी पहिल्यांदा पाहिला. फॅन पुढून वारा ढकलणारा लावायचा की मागून ओढणारा? मागे जागा असेल तर ओढणारा, कारण गाडी पळत असताना पुढचा फॅन येणारा वारा अडवतो. आधीच्या ठिकाणी ओढणारा फॅन पुढे लावून फक्त वायरी उलट्या जोडल्या होत्या. त्याने मोटर उलटी फिरते खरी, पण पात्यांचा बाक उलटा पडतो आणि वारा बराच कमी येतो. हे त्यांनी टेबलावर बॅटरी लावून दोन्हीकडून फिरवून दाखवलं. हात पुढे धरला की फरक लगेच कळतो.

दुसरा प्रश्न, फॅन जाळीपासून किती लांब? अगदी चिकटवला तर समोर येईल तेवढ्याच गोल भागातून वारा ओढला जातो, कोपरे कोरडे राहतात. चाचांनी देवाजवळची उदबत्ती आणली आणि चालू फॅनसमोर कुलरच्या कडेकडेने फिरवली. मध्यावर धूर सपकन आत जायचा, कोपऱ्यावर आला की सरळ वर. मग त्यांनी ॲल्युमिनियमच्या पत्र्याची उथळ पेटी केली, जाळी आणि फॅनमध्ये इंचभर पोकळी ठेवून, कडेला दाराचं रबर लावून. पुन्हा उदबत्ती फिरवली. या वेळी चारही कोपऱ्यांतून धूर आत वाकला.

पेटीने हायवेवर वारा कोंडेल, ही माझी शंका. त्यांनी आधीच विचार केला होता. पेटीला दोन खिडक्या आणि त्यावर रबराच्या झडपा. फॅन चालू असला की झडपा चिकटून बसतात, गाडी वेगात असली की वाऱ्याने आपोआप उघडतात.

वजन सगळं लोखंडी अँगलवर, अँगल चासीला, मध्ये रबर बुश, नट नायलॉकचे, म्हणजे धक्क्याने सैल न होणारे. कुलर आपल्या बुशांवर वेगळा. जाळीला एकही पीन नाही.

वायरिंग त्यांचा पुतण्या करतो. बॅटरीवरून फ्यूज, रिले (फॅनचा जड करंट सांभाळणारा स्विच), अर्थसाठी चासीचा रंग खरवडून बोल्ट. तेलाच्या लाइनीत ९५ अंशांला चालू होणारा स्विच बसवला आणि सगळं चावीवर घेतलं, म्हणजे चावी बंद केली की फॅनही बंद. गाडी बंद केल्यावर फॅन फिरून उपयोग नाही, कारण इंजिन थांबलं की पंप थांबतो, कुलरमधून तेल फिरतच नाही. उगाच बॅटरी उतरते. एवढं साधं कारण आधी मला कुणीच सांगितलं नव्हतं.

खर्च : ९ इंची फॅन २१०० रुपये, पेटी-अँगल-मजुरी १८००, वायरिंगचे ७००. कुलरची किंमत यात धरलेली नाही.

तक्रारी आहेत. दोन दिवस सांगून चार दिवस लावले, आणि हंगामात चार दिवस गाडी उभी म्हणजे मला शेजाऱ्याचा टेम्पो भाड्याने घ्यावा लागला. वायरीवर नळी घातली होती, पण बंपरच्या कडेला ती घासत होती. दुसऱ्या आठवड्यात पुन्हा जाऊन बदलून घेतली. पैसे घेतले नाहीत. पण पहिल्या वेळीच बघायला हवं होतं. छापील बिल मिळत नाही, वहीच्या पानावर हिशेब लिहून देतात. फॅनचा आवाज केबिनमध्ये येतो, मला त्याचं काही वाटत नाही.

आता सात महिने झाले. दिवाळीच्या सुट्टीत त्याच घाटात त्याच रांगेत, मागे ट्रॉली घेऊन, तेल ११० च्या वर गेलं नाही आणि दिवा लुकलुकला नाही. पावसाळ्यानंतर पेटी उघडली तेव्हा खालच्या कोपऱ्यात लाल माती बसली होती. चाचांनी ती ब्रशने झाडली, खाली बोटभर भोक पाडून दिलं आणि पुढच्या पावसाआधी त्यावर जाळी बसवायला ये म्हणाले. जाणार असाल तर सकाळी दहाच्या आत पोचा. दुपारी ट्रकचे रेडिएटर लागले की त्यांना मान वर करायला फुरसत नसते.