डोळ्याच्या फाटलेल्या बाहुलीला टाके: एक सोलापुरी उन्हाळा काढल्यानंतरचा अनुभव

यंत्रमागावरचा धोटा उडून डोळ्याला लागणं आमच्या सोलापुरात नवं नाही. मला तो उजव्या डोळ्यावर बसला. सूज उतरली, पण बाहुली मोठी झाली ती तशीच राहिली. उजेडात बाहुली लहान करणारा गोल स्नायू माराने फाटला होता. भर उजेडात चांगली बाहुली २ ते ४ मिलिमीटरची असते. माझी ७ च्या आसपास उघडीच. त्यात लेन्सही गढूळ होऊन मोतीबिंदू धरला.

ऑपरेशनच्या आधी सोपे उपाय करून झाले. बाहुली आकसणाऱ्या थेंबांनी नुसती भुवई दुखायची, कारण ज्या स्नायूने आकसायचं तोच फाटलेला. रंगीत कॉन्टॅक्ट लेन्स सुताच्या धुळीत टिकली नाही. काळ्या गॉगलने ऊन कमी व्हायचं, पण कारखान्यात आत शिरलं की काहीच दिसायचं नाही.

दिवाळीनंतर मोतीबिंदूचं ऑपरेशन आणि बाहुलीला टाके, दोन्ही एकाच वेळी केलं. दोन्ही एकत्र का, हे डॉक्टरांनी नीट समजावलं, ते मला महत्त्वाचं वाटतं. आत बसवतात त्या लेन्सचा भिंगाचा भाग साधारण ६ मिलिमीटर असतो. बाहुली त्याहून मोठी राहिली तर लेन्सची कड उघडी पडते आणि दिव्यांभोवती वलयं दिसतात, कधी एकाच डोळ्याने दोन प्रतिमा दिसतात. माझ्यासाठी वापरलेली पद्धत डॉ. प्रिया नारंग आणि डॉ. अमर अग्रवाल यांनी २०१७ मध्ये मांडली. १०-० नंबरचा, केसापेक्षाही बारीक प्रोलिन धागा बाहुलीभोवतीच्या रंगीत पडद्याच्या (आयरिसच्या) दोन्ही कडांतून एकदाच ओवायचा, त्याच्या फासातून टोक चार वेळा फिरवायचं आणि ओढून घ्यायचं. हे टाके काढायचे नसतात. भूल डोळ्यापुरतीच होती, संध्याकाळी घरी आलो. सुरुवातीला टोचायचं, डोळा लाल होता. थेंब हळूहळू कमी करत बंद झाले.

आता फरक. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावरचं दारूकाम मी दोन्ही डोळे उघडे ठेवून पाहिलं. आधीच्या वर्षी प्रत्येक ठिणगीभोवती धुकट चक्र फुटत होतं. होटगी रस्त्यावर समोरच्या गाडीचा दिवा आला की डोळा मिटायची सवय होती, ती गेली. खरी परीक्षा एप्रिल-मेची. पारा ४० च्या वर, पांढऱ्या टॉवेलचे गठ्ठे उन्हात, आणि मी साध्या गॉगलवर दिवसभर काम केलं. एवढ्यासाठीच हे ऑपरेशन मला मोलाचं वाटतं.

पण टाके घातले म्हणजे बाहुली पुन्हा जिवंत झाली, असं होत नाही. माझी आता किंचित लांबट आहे आणि जवळजवळ एकाच मापाची राहते. अंधारात दुसरी बाहुली मोठी होते, ही होत नाही. त्यामुळे लाइट गेली की उजव्या डोळ्याला कमी दिसतं. आपले डोळे गडद तपकिरी, म्हणून धागा बाहेरून कुणाला कळत नाही. दिसायला दोन्ही डोळे अगदी सारखे व्हावेत ही अपेक्षा असेल, तर ती आधीच डॉक्टरांसमोर बोलून दाखवा.

डॉक्टरांना एक प्रश्न जरूर विचारा: पुढे डोळ्याच्या मागचा पडदा, म्हणजे रेटिना, तपासायचा झाला तर बाहुली किती मोठी होईल? माझी थेंबांनी थोडी मोठी होते, तेवढ्यात तपासणी भागते. मार बसलेल्या डोळ्याला हे टाळून चालत नाही, कारण पडदा सुटण्याचा धोका असतो. अचानक काजवे चमकले, काळे ठिपके वाढले किंवा एका बाजूने सावली आली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. डोळ्याचा दाबही कित्येक वर्षांनी वाढू शकतो, म्हणून त्याची तपासणी आयुष्यभर. ऑपरेशन चांगलं झालं म्हणून ती सोडायची नाही.