कॅलेंड्युला मदर टिंक्चर : गणपती पेठेतली खरेदी

मदर टिंक्चर म्हणजे वनस्पतीचा अल्कोहोलमध्ये काढलेला मूळ अर्क, इथे कॅलेंड्युला या फुलझाडाचा. सांगलीत गणपती पेठेतल्या होमिओपॅथीच्या दुकानात ३० मिलीची सीलबंद बाटली मागा. मोठ्या बरणीतून ओतून देतात ते नको. त्यावर ना बॅच नंबर, ना मुदत, ना अल्कोहोलचं प्रमाण. दसऱ्याचा झेंडू वेगळा, त्याचा हा अर्क नव्हे.

खरचटणं, वरवरची जखम यासाठी वापरतात. उकळून गार केलेल्या ५० मिली पाण्यात ५ मिली टिंक्चर घालायचं, गॉज (जखमेवरचं जाळीदार कापड) भिजवून हलकेच टिपायचं. नुसतं लावलं तर अल्कोहोलने आग होते आणि कातडी कोरडी पडते. पाणी घातल्यावर टिकवण्याइतकं अल्कोहोल उरत नाही, म्हणून उरलेलं त्याच दिवशी ओतून द्या. तळाला थोडा गाळ बसला तर चालतो. बूच सैल राहिलं की मात्र अल्कोहोल उडतं. ड्रॉपरचं रबर बाटलीवर कायम ठेवू नये, ते चिकट होऊन अर्कात उतरतं.

गाजरगवताची ॲलर्जी असणाऱ्यांनी आधी मनगटावर थेंबभर लावून दिवसभर पाहावं, कूळ एकच. खोल जखम, गंजका खिळा, कुत्र्याचा चावा, मधुमेहींचा पाय : इथे बाटली बाजूला ठेवून थेट दवाखाना.

दुकानदार बिल मागितल्याशिवाय देत नाही, एवढीच कुरकुर.