स्प्लेंडरमधलं ऑइल: अकरा महिने, चार बाटल्या अन् एक सिरिंज

गाडी हिरो स्प्लेंडर, 2016 ची, मीटर आज 75,600 दाखवते. माझा धंदा बाजाराचा. लहान पोरांचे कपडे, बनियन, टॉवेल असं गाठोडं मागं बांधायचं अन् आठवड्यातून पाच बाजार करायचे, पांढरकवडा, मोहदा, करंजी, पाटणबोरी, कधी मुकुटबन. गाठोडंच साठ-सत्तर किलोचं, वरून मी. महिन्याला तेराशेच्या आसपास किलोमीटर होतात, त्यातला निम्मा रस्ता गिट्टी नाहीतर धुळीचा, अन् मुकुटबनकडे गेलं की ट्रकांच्या मागं राहून तोंडात माती येते. हे आधी सांगतो कारण नागपुरात ऑफिसला जाणाऱ्याची गाडी अन् माझी गाडी, मॉडेल एकच असलं तरी हाल एक नाहीत.

मागच्या वर्षी दसऱ्याच्या आधी गाडी भर रस्त्यात जाम झाली. चढावर आवाज बदलला, मला वाटलं लोड आहे म्हणून दमली, अजून थोडी रेस दिली अन् मागचं चाक घसटतच थांबलं. किक खाली जाईना. टेम्पोत टाकून गॅरेजवर आणली, मिस्त्रीनं खालचा नट खोलला तर ऑइल किती निघावं? चहाचा एक ग्लास भरला नाही. काळं कुट्ट, डांबरासारखं. मिस्त्री माझ्याकडे पाहत म्हणे, "भाऊ, काडी कधी पाह्यली होती?" मी काय सांगू, ऑइल किती आहे ते पाहायला इंजिनला काडी असते हे माहीत होतं पण ती काढून पाहायची असते हे कधी मनावरच घेतलं नव्हतं. चार महिन्याआधी एका ठिकाणी ऑइल बदललं होतं, डब्यातलं सुटं, म्हणजे माझ्या हिशोबानं काम झालं होतं. पिस्टन, रिंग, बोअर, सगळं मिळून सात हजाराच्या वर गेले अन् सणाचे दोन बाजार बुडाले ते वेगळेच.

तेव्हापासून वहीत लिहायला लागलो. इंजिनचं काम झाल्यावर पहिले पाचशे किलोमीटर हळू चालवून ते ऑइल काढून टाकलं अन् नोव्हेंबरात 61,240 वर खरा हिशोब सुरू केला.

पहिली बाटली कंपनीचंच 10डब्ल्यू-30 (हा आकडा ऑइलच्या घट्टपणाचा, अर्थ पुढे सांगतो), साधं मिनरल, म्हणजे खनिज तेलापासूनचं. गाडीच्या पुस्तकात हेच लिहिलंय, अन् सहा हजारावर बदला, तीन हजारावर कमी झालेलं भरा असंही लिहिलंय. आपल्याकडे अर्धे लोक दोन हजारावर बदलतात अन् अर्धे "अजून चालते न" म्हणत वर्ष काढतात, पुस्तक कोणी उघडत नाही. मी ठरवलं पुस्तकाप्रमाणे जाऊन पाहू. दर रविवारी सकाळी गाडी दोन-तीन मिनिटं चालू ठेवायची, बंद करायची, दोन-तीन मिनिटं थांबायचं, मेन स्टँडवर सपाट जागेत, मग काडी पुसून नुसती टेकवायची, आटे फिरवून आत कसायची नाही. माझा चुलतभाऊ कसून पाहायचा, त्याच्या काडीवर नेहमीच ऑइल फुल दिसायचं अन् प्रत्यक्षात ते खालच्या खुणेला आलेलं असायचं. एवढ्याशा फरकात इंजिन जातं बाप्पा.

मोजायला ढोराच्या डॉक्टरकडून पन्नास मिलीची सिरिंज घेतली, सुई फेकून दिली. पहिल्या तीन हजारात शंभर मिली भरावं लागलं, पुढच्या बावीसशेत दीडशे. म्हणजे जसजसं ऑइल जुनं होत गेलं तसतसं जास्त लागत गेलं, हे माझ्या गाडीचं सांगतोय. 4,500 च्या नंतर गिअर टाकताना खटका जड लागायला लागला, न्यूट्रल सापडेना, सिग्नल नाही आमच्याकडे पण बाजाराच्या गर्दीत न्यूट्रल लागतोच. सहा हजार पूर्ण करायची हिंमत झाली नाही, मार्चमध्ये 66,440 वर काढलं. पुस्तक खोटं नाही, पण सत्तर किलोचं गाठोडं अन् गिट्टीचा रस्ता त्यात धरलेला नाही एवढंच.

त्याच वेळी मिस्त्रीनं उजवीकडचं झाकण खोलून ते फिरणारं फिल्टर दाखवलं. या शंभर सीसीच्या गाडीत पल्सरसारखा कागदी ऑइल फिल्टर नसतो, एक जाळी असते अन् एक गोल वाटी इंजिनसोबत गरगर फिरते, फिरताना जड कचरा तिच्या कडेला चिकटतो. त्यानं स्क्रू ड्रायव्हरनं खरवडला तर बुटपॉलिशसारखा जाड थर निघाला, बोटाला लावून चोळलं तर मधीच कणकण चमकते. घासलेल्या पिस्टनचाच माल असणार तो. म्हणून कोणी म्हणालं की महागडं सिंथेटिक, म्हणजे कारखान्यात प्रक्रिया करून बनवलेलं ऑइल, टाका अन् दहा हजार किलोमीटर विसरा, तर माझं सांगणं आहे की विसरू नका भाऊ. ऑइल टिकेल एकवेळ, पण त्यातली घाण गाळायला तिथं आहे काय, एक जाळी अन् एक वाटी.

दुसरी बाटली 20डब्ल्यू-50. हे मिस्त्रीच्या आग्रहानं. "उन्हाळा लागला, पारा पंचेचाळीस-सेहेचाळीसला जाईन, पातळ ऑइलचं पानी होते, घट्ट टाक." आपल्याकडे सगळ्याच गॅरेजवर हे ऐकायला मिळतं अन् ऐकायला बरोबरही वाटतं. पण त्या आकड्यांचा अर्थ असा की डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीत ऑइल किती सहज वाहते त्याचा, अन् मागचा आकडा शंभर डिग्रीला ते किती घट्ट राहते त्याचा. म्हणजे गरम इंजिनातलं काम आधीच हिशोबात धरलेलं आहे. इंजिन तापलं की आतलं ऑइल तसंही बाहेरच्या पाऱ्याच्या कितीतरी वर, शंभरच्या आसपास जातं. हवेवर थंड होणारं इंजिन भर उन्हात लोड घेऊन जास्त तापतं हे खरं, पण गाडीचे ऑइलचे रस्ते बारीक, वर व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमपर्यंत ऑइल पोहोचायला घट्ट ऑइल वेळ घेते, तेही तितकंच खरं.

अनुभव काय आला तर टापेटचा (वरच्या व्हॉल्व्हजवळचा) कटकट आवाज कमी झाला, हे कबूल करतो. तीन महिने, 3,900 किलोमीटर, अन् फक्त शंभर मिली भरलं. पण अॅव्हरेज लोडसकट जे 62-63 पडायचं ते 59-60 वर आलं, पिकअप मेलेला, अन् पहाटे पाचला निघताना पहिली दोन मिनिटं गाडी जडजड. उन्हाळ्यात ही गत तर डिसेंबरच्या थंडीत काय झालं असतं. ज्याची गाडी जुनी आहे, धूर मारते, ऑइल पिते, अन् सध्या काम काढायला पैसे नाहीत, त्यानं घट्ट टाकून सीझन काढला तर मी त्याला नावं ठेवणार नाही. चांगल्या इंजिनात मात्र मी परत टाकणार नाही.

तिसरी बाटली परत दहा-तीस, जूनच्या मध्यात, अन् ती नऊशे किलोमीटरच चालली. झालं असं की मोहद्याहून येताना नाल्याला पाणी होतं, गुडघ्याच्या खाली, माझ्यापुढे दोन गाड्या गेल्या म्हणून मी पण घातली. मधात गाडी बंद पडली. ढकलत बाहेर काढली, प्लग पुसला, चालू झाली, घरी आलो अन् खुश. रविवारी काडी काढली तर ऑइलचा रंग दुधाच्या चहासारखा. पाणी शिरलं होतं. लेव्हल वाढलेली दिसत होती अन् मी आधी म्हणालो वा, यावेळी ऑइल कमीच झालं नाही. मंग लक्षात आलं. त्याच दिवशी काढलं, थोडं स्वस्त ऑइल टाकून पाच मिनिटं चालवून तेही काढलं, अन् मग नवीन भरलं. पावसाळ्यात जे रोज दोन-चार किलोमीटरच गाडी चालवतात त्यांच्या काडीच्या झाकणाखालीही मलईसारखं पांढरं येतं, नाल्यात न जाता, कारण इंजिन पूर्ण तापतच नाही अन् आतला दमटपणा उडत नाही. आमच्या गावचे गुरुजी महिन्याला दोनशे किलोमीटरही चालवत नाहीत, त्यांनी किलोमीटरची वाट पाहिली तर रिटायर होतील, त्यांनी महिने मोजावेत.

चौथी बाटली फुल सिंथेटिक, जुलैपासून आतापर्यंत 4,360 किलोमीटर. यवतमाळहून आणली. गिअर एकदम मऊ, पहाटेची पहिली किक हलकी, अॅव्हरेज 63, भरावं लागलं दीडशे मिली. चार हजारानंतरही न्यूट्रल सापडतोय, हा फरक खरा आहे, मनाचा खेळ नाही. आता पैशाचं. साधी बाटली मला चारशेच्या आसपास पडली, सिंथेटिक दुपटीहून जास्त. साधं तीन हजारावर बदललं तर हजार किलोमीटरला दीडशेच्या आत, सिंथेटिक मी जास्तीत जास्त साडेचार हजार चालवणार, तर दोनशेच्या वर जाते. बनियनमागे दहा-पंधरा रुपये सुटणाऱ्या माणसानं हा हिशोब करावाच लागतो.

बाटली घेताना आकड्यासोबत एक गोष्ट पाहा, मागं जासो एमए नाहीतर एमए2 लिहिलंय का, हा मोटरसायकलच्या ऑइलचा जपानी दर्जाचा शिक्का. मोटरसायकलच्या क्लचप्लेटी त्याच ऑइलमध्ये बुडून असतात. चुलतभावाच्या मालकाच्या कारचं उरलेलं ऑइल फुकट मिळालं म्हणून त्यानं गाडीत टाकलं, तर आठ दिवसात चढावर इंजिन ओरडते अन् गाडी पुढे जात नाही, क्लच घसरतोय. कारच्या बऱ्याच ऑइलमध्ये घर्षण कमी करायचं रसायन असतं, तिथं ते चांगलं, इथं प्लेटीच पकडत नाहीत. स्कूटरचं एमबी लिहिलेलं ऑइलही तसंच, स्कूटरचा क्लच कोरडा असतो म्हणून तिला चालते. अन् ट्रॅक्टरचं पंधरा-चाळीस? आमचे काका टाकतात, दहा वर्षांपासून, अन् दरवेळी मला ऐकवतात. गाडी त्यांची चालते हे मान्य, पण आठवड्यातून एकदा वावरात जाऊन परत, एवढीच चालते.

नकलीचं सांगायचं राहिलं. सुटं ऑइल घेऊ नका, सील अन् झाकणाची खालची रिंग पाहा, अन् रिकामी बाटली मिस्त्रीकडे सोडू नका. झाकणासकट चांगली बाटली असेल तर घ्यायला लोक येतात, कायले येतात ते तुम्हीच समजा. मी घरी आणून तळाशी खिळ्यानं भोक पाडतो. काढलेलं काळं ऑइल बंडीच्या आसाला अन् गोठ्याच्या खांबांना उधळी, म्हणजे वाळवी, लागू नये म्हणून जाते, विहिरीजवळ मात्र सांडू देत नाही.

नटाचं पण. ऑइलचा नट सतरा नंबर पान्यानं खुलतो, इंजिनचा खालचा भाग अॅल्युमिनियमचा, एका पोरानं पाय देऊन कसला अन् आटे गेले, थेंबथेंब गळती. माझं इंजिन जाम झालं तेव्हा ऑइल पिस्टननं पिलं की त्या नटानं सांडलं, आजही मला नक्की सांगता येत नाही. आता वॉशर नवीन टाकतो अन् स्वतःच्या हातानं कसतो, अन् गाडी उभी करतो तिथं खाली पुठ्ठा टाकलेला असतो, सकाळी डाग दिसला तर समजलं.

एअर फिल्टरवर धड लिहिलं नाही पण धुळीच्या रस्त्यावर तो ऑइलइतकाच महत्त्वाचा, अन् तेलकट कागदाचा असेल तर त्याला पंपाची हवा मारू नका, सरळ बदला.

या रविवारी सिंथेटिक काढतोय. दिवाळीचे बाजार आहेत, लोड वाढेल, तरी दहा-तीस साधंच भरणार अन् तीन हजारावर काढणार, म्हणजे संक्रांतीच्या आसपास. बाटली आणून ठेवलीय. घरची म्हणते एवढी काळजी माझ्या बीपीची घेतली असती तर. सिरिंज सीटखाली, कापडात गुंडाळून, परवा बाजारात एका गिऱ्हाइकाला दिसली तर तो म्हणे, "काय भाऊ, ढोरं पण पाहता का?"