आजोबांची जीप आणि "ब्लॉक क्रॅक आहे" म्हणणारा गॅरेजवाला

कोल्हापूर आणि आसपासच्या तालुक्यात अजून बऱ्याच घरात जुनी जीप उभी आहे, कुणाच्या गोठ्याशेजारी, कुणाच्या गुऱ्हाळाच्या पत्र्याखाली. ज्याच्या नावावर होती तो माणूस गेला की घरात एकच वाद सुरू होतो, ओरिजिनल ठेवायची का डिझेल इंजिन टाकून मॉडिफाय करायची. आमच्याकडं पण तोच वाद झाला आणि आम्हाला फसवणाऱ्यानं त्या वादाचाच वापर केला, म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय. गॅरेजचं नाव लिहीत नाही, तक्रार चालू आहे. पण त्याची पद्धत वाचून ठेवा, कारण असले लोक नाव बदलून दुसरीकडं बोर्ड लावतात.

गाडी आमच्या आबांची. महिंद्राची सीजे थ्री बी, उंच बोनेटवाली, 1968 ची, पेट्रोल. यात विलीजचं हरिकेन इंजिन येतं, 134 क्युबिक इंच, म्हणजे साधारण 2.2 लिटरचं, चार सिलिंडर. या इंजिनाची एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवतो, पुढं लागणार आहे. याचे इनटेकचे, म्हणजे पेट्रोल-हवा आत घेणारे, चार वाल्व वर हेडमध्ये असतात आणि एक्झॉस्टचे, म्हणजे धूर बाहेर सोडणारे, चार खाली ब्लॉकमध्ये, म्हणजे इंजिनाच्या मुख्य भागात. याच्या आधीचं जे दुसऱ्या महायुद्धातल्या जीपला होतं, गो डेव्हिल नावाचं इंजिन, त्याचे आठच्या आठ वाल्व ब्लॉकमध्ये. हरिकेनचे इनटेक वाल्व वर गेले, इंजिन उंच झालं, म्हणून तर थ्री बीचं बोनेट उंच करावं लागलं.

आबा होते तोवर गाडी चालू होती. राधानगरीकडच्या शेतावर चिखलात जायला तीच. एकदा तिचा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, म्हणजे इंजिनातला धूर बाहेर नेणारा भाग, तडकलेला, तो आबांनी कोल्हापुरातल्या उद्यमनगरात पितळेनं जोडून घेतलेला, पिवळी रेघ लांबनं पण दिसायची. आबा गेल्यावर आम्ही कागदाचं काम आधी केलं. मालक वारला तर वारसानं तीन महिन्याच्या आत नमुना 31 भरून आरसी नावावर करायला अर्ज द्यायचा असतो, बाकी वारसांची संमती लागते, आणि एवढी जुनी गाडी असेल तर तिची आधी ऑनलाईन बॅकलॉग एंट्री, म्हणजे जुन्या रजिस्टरातली नोंद संगणकावर, झालीय का ते बघावं लागतं. ते सगळं आम्ही स्वतः आरटीओत जाऊन केलं आणि आरसी माझ्या नावावर झाली.

मग वाद. आमचे आप्पा, म्हणजे चुलते, म्हणायचे की पेट्रोल परवडत नाही, डीआय म्हणजे डिझेलचं इंजिन टाका, पॉवर स्टिअरिंग टाका, वरनं हार्डटॉप करा म्हणजे घरातल्या बायकामाणसांना घेऊन गगनबावड्याला जाता येईल. त्यांचं म्हणणं चूक नव्हतं, आपल्याकडं शेकडो जीपांचं असंच झालंय, शेतकऱ्याला गाडी वापरायला लागते, शोभेला नाही. मला मात्र ती जशी आहे तशीच हवी होती. हौस होतीच, पण कागदाचं कारणही होतं. 2021 ला केंद्र सरकारनं व्हिंटेज गाड्यांसाठी नियम काढले, पहिल्या रजिस्ट्रेशनला 50 वर्षं पूर्ण झालेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते आणि जुना नंबर असेल तर तोच राहतो, पण अट अशी की चेसीस, बॉडी आणि इंजिन यात मोठा फेरफार झालेला नसावा. रोजच्या वापराला अशी गाडी रस्त्यावर काढता येत नाही हे पण त्यात आहे, रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यालाच. म्हणजे आप्पांचा मार्ग आणि माझा मार्ग एकाच गाडीवर होणं शक्यच नव्हतं. एकदा इंजिन गेलं की माझा मार्ग बंद.

शहराबाहेरचं एक गॅरेज बऱ्याच जणांनी सुचवलं. दारात चकचकीत जीपा उभ्या, भिंतीवर फोटो, माणूस बोलायला अतिशय गोड. आप्पा आणि मी दोघं गेलतो. त्यानं दोघांचं पूर्ण ऐकून घेतलं आणि कुणाचीच बाजू घेतली नाही, म्हणाला, "आधी गाडी उघडून बघूया, गाडीच सांगंल काय करायचं." दसऱ्यापर्यंत देतो म्हणाला, दसरा चौकात छत्रपतींची जुनी मेबॅक मोटार बघायला हीच जीप घेऊन जावा. कोल्हापूरच्या माणसाला याच्यापेक्षा मोठं आमिष नाही.

त्यानंतर त्यानं आमच्याशी वेगवेगळं बोलायला सुरुवात केली. मला फोन करून म्हणायचा, "दादा, तुम्ही बरोबर आहात, आप्पांना मी समजावतो, फक्त त्यांना एवढ्यात काही बोलू नका, वडीलधारी माणसं, दुखावतील." आणि त्याच आठवड्यात आप्पांना म्हणायचा, "आप्पा, पोरगं हौशी आहे, त्याच्या कलानं घेऊ, तुम्ही डिझेल इंजिनाचे पैसे देऊन ठेवा, चांगला माल हातातनं जातोय." माझ्याकडनं त्यानं रिस्टोरेशनचे म्हणून दीड लाख घेतले, पत्राकाम, रंग, ओरिजिनल पार्ट दिल्लीच्या कश्मिरी गेटवरनं मागवायचे म्हणून. आप्पांकडनं डिझेल इंजिन आणि फिटिंगचे म्हणून लाखाच्या वर. एकाच गाडीवर दोन उलट्या कामांचे पैसे, आणि आम्ही दोघं एका घरात राहून एकमेकांशी याबद्दल बोलत नव्हतो, कारण दोघांनाही त्यानं गप्प बसायला सांगितलेलं. याचा मला आजपण सगळ्यात जास्त राग येतो, पैशापेक्षा जास्त. त्यानं आमच्या घरातल्या आदराचा वापर केला.

मग एक दिवस व्हॉट्सॲपवर फोटो आला. ब्लॉक उघडलेला, वाल्व सीट आणि सिलिंडरच्या मधे काळी चीर, आणि खाली मेसेज की ब्लॉक क्रॅक आहे, हे इंजिन गेलं, वेल्डिंग टिकणार नाही, आता मॉडिफाय केल्याशिवाय इलाज नाही. फोनवर आवाजात एवढं दुःख की वाटलं ह्याच्याच घरातलं कोण गेलंय. मी इंजिन बघायला येतो म्हणलं तर ते लेथवर गेलंय, दुसऱ्यांदा म्हणलं तर स्टोअरची चावी नाही. शेवटी आप्पा म्हणाले, जाऊदे, नशिबात नव्हतं, डिझेल टाकून घेऊया.

डिझेल इंजिन बसलं. वर आणखी पैसे घेतले आरटीओत इंजिन बदलाची एंट्री करून देतो म्हणून, रोख, पावती नाही. पोर्टलची एक प्रिंट दाखवली, तिच्यावर गाडी नंबर अर्धा झाकलेला.

गाडी दिसायला देखणी आली. दसरा कधीच होऊन गेलता. पहिला पावसाळा लागला आणि फ्लोअरच्या कडेनं रंग फुगायला लागला, टोकरलं तर खाली पत्रा नाहीच, नुसती पुट्टी. लोहचुंबक लावून बघा, जिथं चिकटत नाही तिथं पत्रा गेलेला असतो, आमच्या गाडीला मागचा अर्धा हौद चिकटत नव्हता. ब्रेक तर अंगावर काटा आणणारे, डिझेल इंजिन पेट्रोलपेक्षा कितीतरी जड, पण ब्रेक आणि पुढचे स्प्रिंगचे पाटे जुनेच ठेवलेले, उतारावर पाय दाबला की गाडी एका बाजूला ओढायची.

खरं बाहेर आलं ते पासिंगला. निरीक्षकांनी चेसीस नंबरची पेन्सिल प्रिंट घेतली, ती जुळली. इंजिन नंबर जुळेना. आरसीवर पेट्रोलच्या मूळ इंजिनाचा नंबर, गाडीत भलताच, आणि तो पण घासून परत पंच केल्यासारखा. एंट्री कुठंच झालेली नव्हती. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणं आरसीवरची माहिती बदलेल असा फेरफार परवानगीशिवाय करता येत नाही, आणि 2019 च्या दुरुस्तीनंतर कलम 182अ खाली त्याची शिक्षा गाडीच्या मालकाला आहे, सहा महिन्यापर्यंत कैद किंवा प्रत्येक फेरफाराला 5000 रुपये दंड किंवा दोन्ही. मालकाला, गॅरेजवाल्याला नव्हे. आरसी माझ्या नावावर. संशयास्पद नंबरचं इंजिन घेऊन मी तिथं उभा होतो आणि ते कुठल्या गाडीतनं आलं हे मला माहीत नव्हतं.

उद्यमनगरात एक म्हातारे मिस्त्री आहेत, सगळे चाचा म्हणतात, आबांची गाडी त्यांच्या हाताखालनं गेलेली. त्यांना तो क्रॅकचा फोटो दाखवला. चष्मा वर करून बघितला आणि म्हणाले, "बाळा, हे तुमच्या गाडीचं न्हवंच. यात आठ वाल्व ब्लॉकात हायती. तुमच्यात चार वर असतात." फोटो जुन्या गो डेव्हिलचा होता. कुठलातरी भंगारातला ब्लॉक, तोच फोटो त्यानं आणखी किती जणांना पाठवला असेल देव जाणे. सामान्य माणसाला वाल्व किती आणि कुठं हे कसं कळणार, म्हणूनच तो फोटो पाठवतो आणि इंजिन दाखवत नाही.

नंतर माझ्या चुलतभावाला जुन्या गाड्यांच्या पार्टची एक जाहिरात सापडली, "ओरिजिनल हरिकेन, रनिंग कंडिशन", आणि फोटोत मॅनिफोल्डवर ती पितळेची पिवळी रेघ. आम्ही स्क्रीनशॉट काढले, फोन लावला, दुसऱ्या दिवशी जाहिरात गायब. आमचं चालू इंजिन आम्हाला भंगार म्हणून सांगितलं, वर ते काढायचे पैसे आमच्याकडनंच घेतले आणि बाहेर विकलं. गॅरेजवाला विचारल्यावर म्हणतो भंगारात घातलं, किलोवर गेलं.

आता असं कुणाचं काम चालू असेल तर एवढं करा. गाडी देताना इंजिन नंबर आणि चेसीस नंबरचे फोटो तारखेसकट काढा, हरिकेनचा इंजिन नंबर ब्लॉकच्या पुढच्या बाजूला वॉटर पंपाजवळ असतो, ऑइलची काजळी पुसल्याशिवाय दिसत नाही. जॉबकार्डवर लिहून घ्या की काढलेला प्रत्येक जुना पार्ट, खराब असला तरी, परत मिळाला पाहिजे. इंजिन गेलं म्हणाला तर तुमच्या ओळखीच्या मिस्त्रीला घेऊन समोर उघडून दाखव म्हणा, फोटोवर निर्णय घेऊ नका. दुसरं इंजिन घालायचंच असेल तर आधी आरटीओची परवानगी, आणि त्या इंजिनाचं बिल आणि ज्या गाडीतनं काढलं तिची कागदपत्रं हातात आल्याशिवाय पैसे नाहीत. आणि घरातल्या दोघांशी तो वेगवेगळं बोलायला लागला तर त्याच दिवशी दोघांनी मिळून जाऊन गाडी परत आणा. रिस्टोर का मॉडिफाय हे घरात बसून, सगळ्यांसमोर ठरवा, आणि ठरलेलं लिहून मगच गाडी हलवा.

पोलिसांनी सुरुवातीला हे दिवाणी प्रकरण आहे म्हणून सांगितलं. आम्ही भारतीय न्याय संहितेची कलम 316 आणि 318, म्हणजे विश्वासघात आणि फसवणूक, यांचा उल्लेख करून लेखी अर्ज दिला आणि पोच घेतली, त्यात जाहिरातीचे स्क्रीनशॉट आणि आप्पांना अन मला आलेले मेसेज शेजारी शेजारी लावले. ते मेसेज एकत्र वाचले की काही सांगावं लागत नाही. त्याशिवाय जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार केलीय. तिथं वकील लागतोच असं नाही, दिलेली रक्कम पाच लाखापर्यंत असेल तर फी नाही, आणि घटनेपासून दोन वर्षांच्या आत जावं लागतं, म्हणून "होईल की, बघतो की" म्हणत त्यानं तारखा ढकलल्या तरी तुम्ही थांबू नका.

गाडी सध्या चाचांच्या शेडमध्ये आहे, संशयी इंजिन उतरवून पंचनाम्यासाठी तसंच झाकून ठेवलंय. आप्पा स्वतः म्हणाले की आता पेट्रोलचंच इंजिन बसवूया, ते सापडलं तर. आणि तुमच्यापैकी कुणी अलीकडं सुटं हरिकेन इंजिन विकत घेतलं असेल आणि त्याच्या मॅनिफोल्डवर पितळेचा जोड असेल, तर कृपा करून विकणाऱ्याकडं मूळ गाडीची आरसी मागा, इंजिन नंबर पुसून त्याचा फोटो काढा आणि कोल्हापुरातल्या कुठल्याही जीपच्या मिस्त्रीकडं निरोप ठेवा, आमच्यापर्यंत पोचतो. तुमचे पैसे बुडावेत अशी आमची इच्छा नाही, पुरावा म्हणून तुमचं बिल पण लागेल, आपण बसून मार्ग काढू.