‘रन’च्या कसोटीवर ऑक्सफर्डचा लर्नर्स कोश

इंग्रजीचा कोश विकत घ्यायचा असेल तर दुकानातच त्यात ‘रन’ उघडून बघावा. ऑक्सफर्डच्या मोठ्या, अनेक खंडांच्या कोशाची उजळणी करताना संपादकांना या एका क्रियापदाचे ६४५ अर्थ नोंदवावे लागले. एवढा पसारा जो आवरतो, तो कोश बाकी शब्दांतही सहसा दगा देत नाही. ‘ऑक्सफर्ड अ‍ॅडव्हान्स्ड लर्नर्स डिक्शनरी’ची दहावी आवृत्ती (२०२०) इथे चांगलीच उतरते.

नोंद लांबलचक आहे, पण अर्थांच्या गटांवर छोटी ठळक शीर्षकं आहेत. वाक्यात नाक असेल तर द्रव वाहण्याच्या शीर्षकाकडे, बस असेल तर वाहनांकडे. सगळं वाचत बसावं लागत नाही. मराठीत बघा ना: नाक वाहतं, कपड्याचा रंग जातो, दुकान चालवतात, बस दर दहा मिनिटांनी सुटते, रस्ता नदीच्या कडेने जातो, निवडणूक लढवतात. इंग्रजीत सगळीकडे ‘रन’. ‘रन म्हणजे धावणे’ एवढंच पाठ केलेला विद्यार्थी इथेच अडखळतो.

अर्थाच्या सुरुवातीला चौकटी कंसात ‘आय’ (अकर्मक) किंवा ‘टी’ (सकर्मक) असं अक्षर येतं. ते गाळून पुढे जाऊ नका. यंत्र चालतं की कुणी चालवतं, हे मराठी क्रियापदावरूनच कळतं. इंग्रजीत रूप तेच राहतं, म्हणून हे अक्षर पाहावं लागतं.

खरी मजा नोंदीच्या शेवटी, ‘रन’ला शेपूट जोडून होणाऱ्या क्रियापदांत आहे. ‘रन ओव्हर’मध्ये दुतोंडी बाण दिसतो. त्याचा अर्थ, कर्म मध्ये घालता येतं: ‘रॅन हिम ओव्हर’, गाडीखाली चिरडलं. ‘रन इंटू’ला बाण नाही, तिथे ‘हिम’ शेवटीच: ‘रॅन इंटू हिम’, तो अवचित भेटला. ‘रन आउट ऑफ’ तर मराठीच्या उलटं चालतं. आपल्याकडे साखर संपते, तिथे ‘वुई हॅव रन आउट ऑफ शुगर’, म्हणजे कर्ता माणूस. (क्रिकेटमधलं धावबाद होणं वेगळं.) कोशातल्या नमुना वाक्यात हा फरक लगेच दिसतो.

खटकतं ते वाक्प्रचारांचं. ‘रन रायट’ (बेफाम होणे) शोधायचं तर ‘रायट’ उघडावं लागतं. ‘रन’खाली तशी सूचना आहे, पण घाईत ती नजरेतून सुटते. संकेतस्थळावर नोंद फुकट मिळते, ब्रिटिश आणि अमेरिकन उच्चार ऐकता येतात. मात्र शेपटीची क्रियापदं वेगळ्या पानांवर असल्यामुळे ती एकमेकांशी ताडून बघता येत नाहीत. त्यासाठी छापील प्रतच बरी. कोश इंग्रजी-इंग्रजी आहे, तेव्हा प्रत्येक शीर्षकाशेजारी समासात पेन्सिलीने मराठी क्रियापद लिहून ठेवा: वाहणे, सुटणे, लढवणे.